रोजच्या वापरातील परिरक्षके आणि त्वचेची ॲलर्जी
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘बिब्बा उतणे’ हा शब्दप्रयोग मराठी घरांतील जुन्या पिढीला समजावून सांगावा लागत नाही. महाराष्ट्राबाहेर दोन-तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांतही आजीच्या तोंडी तो टिकून असतो. बिब्ब्याचा रस मुळातच दाहक. तो भरपूर लागला तर कोणाचीही कातडी भाजल्यासारखी होईल. परंतु ‘उतणे’ म्हणतात ते याहून निराळे आहे. एकदा बाधा झालेल्या माणसाला पुढे रसाचा लहानसा ठिपका पुरतो, आणि शेजारी बसून तोच बिब्बा हाताळणाऱ्याला काहीही होत नाही. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करण्यासाठी हाच रस वापरीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, सदऱ्याच्या कॉलरमागे जिथे ती खूण असे नेमके तिथेच, खाजणारे चट्टे उठू लागले. लष्करी डॉक्टरांनी त्याची रीतसर नोंद केली आहे. धुऊन वाळलेल्या कपड्यावरील एक काळी खूण, आणि तेवढ्याने एखाद्याची मान सुजावी! आजचा विषय समजून घेण्यास याहून चांगला प्रवेश नाही. फरक इतकाच, की आजचा बिब्बा काळा नाही, त्याला वास नाही, आणि तो न्हाणीघरातील सुबक बाटलीत असतो.

त्या बाटलीत तो कशासाठी येतो, हे आधी पाहिले पाहिजे. नाहीतर सारा दोष कारखानदाराच्या माथी मारून विषय संपवण्याचा मोह होतो. आपल्या घरांतील जुन्या प्रसाधनांकडे पाहावे. दिवाळीचे उटणे कोरडे असते, आणि ते लागेल तेवढेच वाटीत घेऊन दुधात किंवा पाण्यात भिजवायचे. शिकेकाई आणि रिठा कोरडे. खोबरेल तेलात पाणी नाही. वडीच्या साबणात पाणी थोडे, आणि क्षारता इतकी की जंतूंना तेथे वाढणे कठीण. यांपैकी कशातही वेगळे परिरक्षक घालावे लागत नाही. लोणच्याला पाण्याचा हात लावू न देणारी गृहिणी जे शास्त्र पाळते, तेच येथेही आहे. जिथे पाणी तिथे जंतू आणि बुरशी.

गेल्या काही दशकांत घरातील जवळजवळ प्रत्येक कोरडी वस्तू ओली झाली. शिकेकाईच्या जागी शांपू आला, साबणाच्या वडीच्या जागी पंपाची बाटली, राखेच्या किंवा भुकटीच्या जागी भांडी घासण्याचे द्रव, चुन्याच्या जागी पाण्यात कालवलेला इमल्शन रंग, आणि बाळाच्या ओल्या फडक्याच्या जागी महिनोन्महिने ओलसर राहणारे वाइप्स. पाणी असलेली वस्तू कारखान्यातून निघून, गोदामात पडून, दुकानाच्या फळीवर राहून, शेवटी दमट न्हाणीघरात वर्षभर टिकावी, अशी अपेक्षा असेल तर तिच्यात जंतुनाशक द्रव्य घालावेच लागते. ते घातले नाही तर काय होते, याचेही दाखले आहेत. १९७०च्या दशकात अमेरिकेत दूषित मस्कारामुळे स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग होऊन काही स्त्रियांच्या डोळ्यांच्या पारदर्शक पटलावर व्रण झाले. तेव्हा परिरक्षक म्हणजे निव्वळ भेसळ, ही समजूत बाजूला ठेवलेली बरी. अडचण अशी, की जंतूच्या प्रथिनांना जाऊन चिकटणारे चपळ रसायन माणसाच्या त्वचेतील प्रथिनांनाही चिकटू शकते. पुष्कळशा परिरक्षकांची उपयुक्तता आणि त्यांचा उपद्रव या एकाच गुणातून निघतात.

हा उपद्रव कसा घडतो, याचा शोध परिरक्षकांमुळे नव्हे, तर औषधामुळे लागला. ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथील त्वचारोगतज्ज्ञ योझेफ यादासोन यांच्या काळी अनेक विकारांवर पाऱ्याचे मलम लावीत. काही रुग्णांना त्या मलमानेच इसब उठे. यादासोन यांनी अशा रुग्णांच्या निरोगी कातडीवर पाऱ्याच्या मलमाची लहानशी पट्टी लावून पाहिली. पट्टीखाली तेवढ्याच जागी इसब उमटले. १८९५ साली ग्रात्स येथील परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली, आणि ‘पॅच टेस्ट’ या नावाने ती आजही जगभर जवळपास तशीच वापरली जाते. रक्तगटांच्या शोधाबद्दल १९३० साली नोबेल मिळालेले कार्ल लँडस्टायनर यांनी पुढे सहकाऱ्यांसह दाखवले, की अगदी लहान रेणू शरीराला परके म्हणून ओळखू येण्यासाठी प्रथिनाशी जोडले जावे लागतात. १९४२ साली लँडस्टायनर व चेस यांनी ही संवेदनशीलता एका गिनीपिगातून दुसऱ्यात पेशींमार्फत जाते, हे सिद्ध केले. रक्तातील द्रवाचे हे काम नव्हे. ते पांढऱ्या पेशींचे आहे.

या प्रक्रियेचे दोन टप्पे आहेत, आणि गोंधळ होतो तो दोहोंमधील अंतरामुळे. पहिल्या टप्प्यात रसायन त्वचेत मुरते, तेथील पहारेकरी पेशी त्याला पकडून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात, आणि तेथे त्या रसायनाची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी तयार होतात. याला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. दुसरा टप्पा पुढे केव्हाही सुरू होतो. तेच रसायन पुन्हा लागले की एक ते तीन दिवसांत लाली, पुरळ, खाज, कधी पाण्याचे फोड. म्हणून ‘हे क्रीम तर दहा वर्षे वापरते आहे, त्याने कसे होईल?’ हा युक्तिवाद फसवा ठरतो. ॲलर्जी नवख्या वस्तूचीच होते असे नाही. ती होण्यासाठी आधीची ओळख लागतेच. शिवाय सोमवारी लावलेल्या वस्तूचा परिणाम बुधवारी दिसला, तर कोणीही मंगळवारच्या जेवणाला दोष देतो. वांगी, अंडी, दही, चिंच यांच्यावर नाहक बंदी येते आणि बाटली जागच्या जागी राहते.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाललेली एक कहाणी आता सांगितली पाहिजे. मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन अशी लांबलचक नावे असलेल्या दोन द्रव्यांचे तीनास एक प्रमाणातील मिश्रण १९८०च्या दशकात युरोपात प्रसाधनांमध्ये आले. थोडक्यात काम भागे, त्यामुळे ते लोकप्रिय झाले आणि पाठोपाठ ॲलर्जीचे रुग्णही वाढले. तेव्हा त्याची मर्यादा दहा लाख भागांत १५ भाग इतकी खाली आणली गेली. या जोडीतील दुसरे द्रव्य तुलनेने सौम्य मानले जाई. २००५ साली युरोपीय संघाने ते एकटे, दहा लाखांत १०० भागांपर्यंत, प्रसाधनांत वापरण्यास परवानगी दिली. येथे जरा हिशेब करावा. १५ भागांच्या मिश्रणात या सौम्य द्रव्याचा वाटा चौथाई, म्हणजे चार भागांहूनही कमी होता. आता त्याच्या पंचवीस पटींहून अधिक मात्रा कातडीवर राहणाऱ्या क्रीममध्ये जाऊ लागली. सौम्य म्हणून अधिक चालेल, आणि सौम्य असल्यामुळे अधिक घालावेच लागेल, असे ते दुहेरी तर्कशास्त्र होते.

परिणाम दिसायला पाच-सात वर्षे लागली. युरोपातील अनेक त्वचारोग केंद्रांत पॅच टेस्ट केलेल्या दर वीस रुग्णांत एकाहून अधिक जण या एकाच द्रव्याला संवेदनशील निघू लागले. अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरवले. २०१४च्या सुरुवातीला ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील सहा मुलांची हकिकत प्रसिद्ध झाली. तोंडाभोवती, हातांवर किंवा मांड्यांजवळ उठलेल्या त्यांच्या पुरळाला कोणी साधे इसब म्हटले होते, कोणी जंतुसंसर्ग, कोणी सोरायसिस. कारण एकच होते, बाळाचे ओले वाइप्स. ते बंद करताच मुले झपाट्याने बरी झाली. मूल स्वच्छ राहावे म्हणून आईने जे दिवसातून दहा वेळा केले, तेच त्याच्या दुखण्याचे कारण होते. पुरळ वाढले की पुसणे वाढते आणि पुसणे वाढले की पुरळ. अखेर २०१७पासून युरोपीय संघात कातडीवर राहणाऱ्या प्रसाधनांतून हे द्रव्य पूर्णपणे वर्ज्य झाले, आणि धुऊन टाकायच्या वस्तूंतही २०१८पासून मर्यादा १५ भागांवर आली.

असाच एक प्रकार सोफ्यांबाबत घडला. २००७-०८च्या सुमारास फिनलंड आणि ब्रिटनमध्ये अनेकांच्या पाठीवर, मांड्यांवर आणि नितंबांवर विलक्षण तीव्र पुरळ उठू लागले. शोध घेता चीनमधून आयात केलेल्या सोफ्यांच्या आत बुरशीनाशक भुकटीच्या लहान पुड्या सापडल्या. डायमिथाइल फ्युमरेट हे त्यातील द्रव्य. माणूस बसला की अंगाच्या उबेने त्याची वाफ होई आणि ती कपड्यांतून कातडीत शिरे. २००९ साली युरोपने असा माल विकण्यास बंदी केली.

आता प्रश्न असा पडतो, की मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारख्या द्रव्याला एवढी मागणी आली कोठून? तिच्या अनेक कारणांपैकी एक जनतेच्या भीतीत आहे. पॅराबेन हा परिरक्षकांचा जुना वर्ग १९२०च्या दशकापासून वापरात आहे. २००४ साली ब्रिटनमधील एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या वीस गाठींमध्ये पॅराबेनचे अंश आढळले. अंश आढळले, एवढेच त्या अभ्यासाने दाखवले. त्यांच्यामुळे कर्करोग झाला, असे त्यात सिद्ध झालेले नव्हते. परंतु बातमी पसरली ती तशीच. पाहता पाहता ‘पॅराबेन-फ्री’ हा शब्द बाटल्यांवर मिरवू लागला. युरोपीय नियामकांनी २०१४ साली पुरेशी माहिती नसलेल्या पाच पॅराबेनांना मनाई केली आणि मिथाइल व इथाइल पॅराबेन ठरलेल्या मर्यादेत कायम ठेवले. ॲलर्जीपुरते बोलायचे, तर निरोगी त्वचेवर पॅराबेनइतका शांत परिरक्षक विरळा. २०१९ साली त्याच अमेरिकन संस्थेने पॅराबेनना मुद्दाम ‘वर्षातील निरुपद्रवी’ असा उलटा बहुमान दिला. तोपर्यंत अनेक उत्पादकांनी पॅराबेन काढून त्यांच्या जागी अधिक ॲलर्जी करणारी द्रव्ये आणली होती. ग्राहकाने जे हक्काने मागून घेतले, त्याने त्याचे रक्षण होण्याऐवजी नुकसानच अधिक झाले, असे म्हणणे कठोर वाटेल. पण चुकीचे नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाचीही तीच गत. बिब्बा नैसर्गिकच आहे. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले आणि नंतर देशभर पसरलेले गाजरगवत, म्हणजे पार्थेनियम, हेही नैसर्गिक, आणि त्याने उठणाऱ्या इसबाने कित्येक शेतकऱ्यांचे आणि बागकाम करणाऱ्यांचे आयुष्य जिकिरीचे केले आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या पॅच टेस्टच्या संचात त्याला कायमची जागा मिळाली आहे. ‘हायपोॲलर्जेनिक’ या भारदस्त शब्दाची कथा तर करमणुकीची आहे. अमेरिकेत १९७५ साली त्याची कायदेशीर व्याख्या करण्यात आली, प्रसाधन कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि १९७७ साली ती व्याख्या रद्द झाली. शब्द मात्र बाटलीवर राहिला.

बाटलीमागील यादी वाचताना आणखी एक फसगत होते. फॉर्माल्डिहाइड हे जुने आणि कुप्रसिद्ध ॲलर्जीकारक. प्रयोगशाळेत प्राण्यांचे नमुने टिकवण्याचे फॉर्मालिन ते हेच, हे शाळेत जीवशास्त्र शिकलेल्यांना आठवत असेल. प्रसाधनांत ते स्वतःच्या नावाने क्वचितच येते. क्वाटर्नियम-१५, डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायाझोलिडिनिल युरिया, ब्रोनोपॉल ही द्रव्ये पाण्यात हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडतात. एकाही नावात त्या शब्दाचा मागमूस नाही. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात आणि परिरक्षकांचे प्रमाण बहुधा एक टक्क्याहूनही कमी असते, म्हणून ती यादीच्या शेपटीला, सुगंध आणि रंगांच्या शेजारी, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत असतात. वाचायची असेल तर यादी शेवटाकडून वाचावी. प्रसाधनांवर निदान यादी तरी असते. फरशी पुसण्याच्या द्रवावर किंवा रंगाच्या डब्यावर संपूर्ण घटक क्वचितच सापडतात.

आणि रंगाच्या डब्याचा विचार आपल्याकडे अवश्य व्हावा, कारण दसरा-दिवाळीच्या आधी घरे रंगवण्याचा आपला रिवाज. पाण्यावर आधारलेल्या इमल्शन रंगांत आयसोथायाझोलिनोन वर्गातील परिरक्षके सर्रास असतात. एखाद्याला शांपूमुळे वा क्रीममुळे त्यांची ॲलर्जी आधीच झालेली असेल, तर नुकत्याच रंगवलेल्या खोलीत झोपल्याने त्याचा चेहरा आणि पापण्या सुजू शकतात, क्वचित श्वासही कोंडतो. त्याने ब्रशला हातही लावलेला नसतो. घरातील इतर सारे सुखरूप असतात, त्यामुळे त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. अशा व्यक्तीने रंगकामाच्या वेळी आणि नंतरही काही आठवडे दुसरीकडे राहावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हाच व्यवहार्य उपाय.

पुरळ कोठे उठते, यावरून कारणाचा माग लागतो, पण तो सरळ नसतो. शांपू डोक्याला लावतात, तरी डोक्याची जाड कातडी पुष्कळदा स्वस्थ राहते आणि फेस जेथून ओघळतो त्या पापण्या, कानामागची जागा आणि मान पेटते. हातांचे इसब भांड्यांच्या द्रवामुळे असेल, तर ते बहुधा बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली सुरू होते. मात्र येथे प्रत्येक वेळी ॲलर्जीच असते असे मानू नये. दिवसभर पाण्यात हात राहिल्याने आणि साबणाने कातडीचे तेल निघून गेल्याने होणारा साधा दाह अधिक सामान्य आहे. तो दाह कातडीचा बांध मोडतो, आणि त्या खिंडारातून परिरक्षके आत शिरून पुढे खरी ॲलर्जी निर्माण करतात. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाया, परिचारिका, ब्यूटी पार्लरमधील मुली, रंगारी यांचे पोट त्यांच्या हातांवर चालते. त्यांच्यासाठी हातांचे इसब म्हणजे बुडालेला रोजगार. घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या बोटांना भेगा दिसल्या, तर आत सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे आणून देणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे.

औषधाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या देशातील एका सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. अंगावर काहीही उठले, मग ते नायटा असो, गजकर्ण असो वा इसब, की औषधांच्या दुकानातून तीन-चार औषधांचे मिश्रण असलेली ट्यूब आणायची. त्यातील स्टेरॉइडने चार दिवस आराम पडतो, नायटा मात्र आतून पसरतो. शिवाय क्रीम म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे परिरक्षक. आपल्याकडील अनेक क्रीमांच्या ट्यूबवर क्लोरोक्रेसॉल हे नाव आढळेल. निओमायसिन हे त्यातील प्रतिजैविकही ॲलर्जीसाठी प्रसिद्ध आहे. जखमी, चिरलेल्या कातडीवर एरवीचे शांत पॅराबेनही कधी कधी उलटते. अलेक्झांडर फिशर या अमेरिकन तज्ज्ञांनी याला ‘पॅराबेनचा विरोधाभास’ म्हटले होते. औषध लावूनही इसब हटत नसेल, तर औषधाचाच संशय घ्यावा. डॉक्टरांना विचारून क्रीमऐवजी तेच औषध मलमाच्या रूपात मिळते का, हे पाहावे. तेलकट, चिकट, कपड्यांना डाग पाडणारे मलम कोणालाच आवडत नाही. पण त्यात पाणी नसल्याने परिरक्षकांची गरजही बहुधा नसते.

निदानाचा खात्रीचा मार्ग आजही यादासोन यांचाच आहे. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या लहान डब्या चिकटवतात, त्या ४८ तासांनी काढून पाहतात, आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी तपासतात. तितके दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. आपल्या उन्हाळ्यात हे जवळजवळ अशक्य, म्हणून चाचणी थंडीच्या दिवसांत करून घ्यावी. पोटातून स्टेरॉइड चालू असेल, तर निकाल खोटा येऊ शकतो. ते डॉक्टरांना आधीच सांगावे. रक्ताच्या चाचणीने या प्रकारच्या ॲलर्जीचे निदान होत नाही. ‘शंभर पदार्थांची ॲलर्जी एका रक्ताच्या नमुन्यात’ अशा जाहिराती दिसल्या तरी त्यांवर पैसे घालवू नयेत. घरच्या घरी एक साधा पडताळा करता येतो. नवे क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस लावून पाहावे. हा प्रयोग कातडीवर राहणाऱ्या वस्तूंसाठीच आहे. शांपू, साबण असे करून पाहिले तर निरोगी कातडीही चरचरेल.

कारण सापडून ते दूर केल्यावरही कातडी एका दिवसात निवळत नाही. चार ते आठ आठवडे धीर धरावा लागतो. या काळात ‘बंद करूनही फरक नाही’ म्हणून पुष्कळजण पुन्हा जुन्या वस्तूकडे वळतात. त्या रसायनाची ओळख मात्र सहसा आयुष्यभर पुसली जात नाही, म्हणून त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावे आणि खरेदीच्या वेळी यादीशी ताडून पाहावे.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना केवळ दुखरा हात घेऊन जाऊ नये. घरातील एक पिशवी भरून न्यावी. त्यात शांपू, क्रीम, भांड्यांचे द्रव, वाइप्स, लावून झालेल्या सर्व ट्यूब, टिकल्यांचे पाकीट आणि शक्य तर घर नुकतेच रंगवले असल्यास रंगाचे नाव लिहिलेला कागद असावा. पिशवी भरताना फक्त रुग्णाच्या वस्तू गोळा करून थांबू नये. बाळाच्या गालावरील पुरळाचे कारण आजीच्या हातांना लावलेल्या क्रीममध्ये, आणि पत्नीच्या मानेवरील चट्ट्यांचे कारण पतीच्या दाढीनंतरच्या लोशनमध्ये सापडल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलीच परिचयाची आहेत.